फॅनी, फेलिक्स आणि पानं उलटणारी बाई (चेंबर कॉन्सर्ट + पत्रवाचन)

चौथी_रांग

रविवारी एक कार्यक्रम बघितला (की ऐकला? दोन्ही) आणि चार दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून शेवटी धागा काढतेय. छोटा हॉल, जेमतेम ऐंशी खुर्च्या, स्टेज असं नाहीच. एका बाजूला पियानो, मधे चार खुर्च्या नि चार स्टँड आणि प्रेक्षक तिन्ही बाजूंनी. विषय फॅनी आणि फेलिक्स मेंडेल्सोन, बहीणभाऊ, दोघंही संगीतकार. दोघांचं संगीत आणि मधे मधे त्यांची पत्रं, मराठीत. पाच वादक, दोन नट.

फेलिक्सचं नाव ऐकलं नसेल तरी सिनेमात चर्चमधलं लग्न लागून जोडपं बाहेर पडतं तेव्हा जे धडाक्यात वाजतं ते त्याचं, शेक्सपिअरच्या नाटकासाठी लिहिलेलं. फॅनी त्याच्याहून सव्वातीन वर्षांनी मोठी. जन्म १८०५, हॅम्बर्ग, मग सगळं आयुष्य बर्लिनमधे. तेराव्या वर्षी बाखची चोवीस प्रील्यूड वडलांसाठी पाठ वाजवून दाखवली होती पोरीने! दोघांना शिकवायला झेल्टर नावाचे एकच गुरू. म्हणजे लहानपणी घरात दुजाभाव नाही, आणि मग १८२० मधे वडलांचं पत्र येतं की संगीत हा फेलिक्सचा कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी तो फक्त दागिना. मुलगी चौदा वर्षांची.

आता मुद्द्याचं. फॅनीचं काम करणारी नटी पत्र वाचत नसते तेव्हा पियानोशेजारच्या स्टुलावर बसून पानं उलटते. खरोखर उलटते, अभिनय नाही. ओळ संपायला दोनेक मात्रा असताना उठते, डाव्या हाताने वरचा कोपरा धरते, पियानिस्ट मान हलवते, की झालं, परत खाली. मी चौथ्या रांगेत अगदी तिच्या कोनात होते त्यामुळे मला ती बोटंच दिसत होती. पहिल्या अर्ध्या तासात तिने भावाच्या पियानोच्या रचनांची पानं उलटली, एक शब्द न बोलता. मग स्वतःच्या 'दास यार' मधल्या 'जून' आणि 'सप्टेंबर'ची. तोपर्यंत आपल्या डोक्यात बसलेलं असतं की ही बाई मदतनीस आहे, आणि हे आता वाजतंय ते हिचंच आहे हे कळायला मला तरी वेळ लागला.

मध्यंतरानंतर फॅनीच्या ट्रिओमधला (पियानो, व्हायोलिन, चेलो) एक भाग होता त्यात गंमत झाली, दोन पानं एकदम उलटली गेली. पियानिस्टने डाव्या हाताने आठवणीतून रेटलं, उजव्या हाताने पान मागे ओढलं, चेलोवाला हसू दाबत होता. एखाद सेकंदाचा खेळ. त्यानंतरचं पत्र वाचताना तिचा आवाज हलत होता आणि तो अभिनय होता की मगाचची धडधड, देव जाणे.

कोणी पाहिलंय का? आणि मला एक सांगा, एकाच रचनेच्या दोन मूव्हमेंटच्या (भागांच्या) मधे पत्र वाचणं योग्य का? शेजारचे गृहस्थ फार वैतागले होते.

नवखा_कान

वाचतोय. बेसिक प्रश्न, हसू नका. चेंबर म्हणजे नक्की काय? आणि 'दास यार' काय आहे?

व्हायोलावाली

हसायचं काय त्यात. चेंबर म्हणजे खोली. खोलीत मावेल इतक्या वादकांचं संगीत, प्रत्येक ओळीला एकच वादक, कंडक्टर नाही. ऑर्केस्ट्रात मी चुकले तर शेजारची सांभाळून घेते, क्वार्टेटमधे, म्हणजे चौघांत, माझी ओळ माझी एकटीची, चुकले तर भोक पडतं. वाजवताना एकमेकांकडे बघावंच लागतं, श्वास सुद्धा एकत्र घेतो, म्हणून मला तर हे आधीपासूनच अर्धं नाटक वाटत आलंय.

'दास यार' म्हणजे वर्ष. फॅनीने १८४१ मधे लिहिलेली पियानोची माला, बारा महिन्यांचे बारा तुकडे आणि शेवटी एक उपसंहार. नवरा चित्रकार होता, विल्हेल्म हेन्झेल. तिने सुवाच्य प्रत रंगीत कागदांवर केली, त्याने प्रत्येक महिन्याला चित्र काढलं. इतकी देखणी वही आणि ती छापली गेली कधी, तर जवळजवळ दीडशे वर्षांनी.

दोन मूव्हमेंटच्या मधे पत्र मला अजिबात चालत नाही. मूव्हमेंट संपल्यावरची शांतता पण रचनेचाच भाग असते. वर शारीरिक अडचण सुद्धा आहे, बो (गज) खाली ठेवून चार मिनिटं बसलं की हात गार पडतात, ट्यूनिंग हलतं, आणि मग तुम्ही पत्राच्या मूडमधे ट्यून करत बसणार का?

विंगेतून

नाटकवाला म्हणून दुसऱ्या बाजूने बोलतो. हे असले 'पत्रं + संगीत' कार्यक्रम नव्वद टक्के वेळा दोन्हीकडून फसतात. नट स्टँडसमोर उभं राहून गंभीर आवाजात वाचतो, वादक शोकसभेला आल्यासारखे मान खाली घालून बसतात, मग उलट. ही झाली पाळीपाळीची बस. पानं उलटण्याची युक्ती मात्र मानली. रंगमंचावरच्या माणसाला काम हवं, भावना नको. हाताला काम मिळालं की भावना प्रेक्षक आपापली आणतो.

अवांतर: या कुटुंबात नाटक मुळातच होतं. १८२९ च्या डिसेंबरात आईवडलांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा फॅनीने एक छोटं संगीत नाटुकलं लिहिलं आणि फेलिक्सने दुसरं, घरातच बसवलं, कलाकार घरचे आणि मित्रमंडळी. आता फॅनीचा नवरा सुरात ढ म्हणजे ठार ढ. तर फेलिक्सने मेव्हण्यासाठी जी भूमिका लिहिली त्यात त्याला गाण्यात एकच सूर दिला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच! आणि म्हणतात की पठ्ठ्याला तो एक सुद्धा लागला नाही. हा किस्सा तुमच्या कार्यक्रमात होता का? नसेल तर दिग्दर्शकाने सोनं सोडलं.

चौथी_रांग

@विंगेतून नव्हता!! काय हे, फारच गंभीर ठेवलं होतं सगळं. पहिला अर्धा भाग हसायला एकही जागा नाही.

@व्हायोलावाली पण कुठलं पत्र कुठे होतं ते सांगते मग बघा. फॅनीचं ई फ्लॅट मेजर क्वार्टेट (म्हणजे ई फ्लॅट हा घराचा सूर), १८३४ चं. फेलिक्सचा नट तोपर्यंत प्रेक्षकांत बसलेला, आमच्यातलाच एक म्हणून. तीन मूव्हमेंट झाल्या आणि चौथीच्या आधी तो जागेवरूनच उठून वाचायला लागला, की बाई गं, यात कुठल्याच सुरात घर बसत नाहीये, रचनेला आकार नाही वगैरे. आणि आपण तर आत्ताच ते ऐकून भारावलेलो! मी मागे वळून बघितलं त्याच्याकडे, जरा रागानेच.

व्हायोलावाली

हं. हे मान्य करावं लागेल, हे पत्र तिथेच टोचेल. तरी वाजवणारी म्हणून माझा जीव तुटतो, कारण तिसरी मूव्हमेंट रोमान्स आहे, तिथून चौथीत जी उडी आहे ती एका दमात मारायची असते.

पण फेलिक्स जे म्हणतो ते तांत्रिकदृष्ट्या खोटं नाहीये हं. ते क्वार्टेट सुरू होतं ॲडाजिओने, संथ, फँटसीसारखं, आणि बराच वेळ कानाला कळतच नाही की ई फ्लॅट कुठे आहे, सी मायनरच्या अंगाने फिरत राहतं. त्या काळच्या शिस्तीत पहिली मूव्हमेंट म्हणजे वेगवान, घराचा सूर आधी ठासून सांगणारी. तिने ते केलं नाही. आज आपल्याला तेच धाडस वाटतं. तिने उत्तर दिलंय ते अजून मोलाचं, १८३५ मधलं. म्हणते की हे सगळं मी बेथोवनच्या शेवटच्या काळातल्या त्या हळव्या शैलीत अडकल्यामुळे, तू पण त्यातून गेलास पण पार झालास, मी तिथेच राहिले. आणि कल्पना टिकवून धरायची ताकद माझ्यात कमी पडते म्हणून मला गाणीच जमतात. या पत्रात ती स्वतःला कमी लेखतेय का नेमकं निदान करतेय, मी आजवर ठरवू शकलेले नाही. त्यानंतर दुसरं क्वार्टेट तिने लिहिलं नाही ते नाहीच.

शंकासुर

झालं, आता भाऊ खलनायक. दरवेळी हेच. गेल्या काही वर्षांत फॅनीवर जे काही येतं त्यात फेलिक्स म्हणजे बहिणीचं संगीत चोरणारा. ओपस (छापील रचनांचा क्रमांक) ८ आणि ९ मधली तिची सहा गाणी त्याने स्वतःच्या नावाने छापली हे खरं, पण १८४२ मधे राणी व्हिक्टोरियाने त्यातलंच 'इटालियन' हे गाणं आवडीने गायला निवडलं तेव्हा त्याने तिथल्या तिथे कबूल केलं की हे माझ्या बहिणीचं आहे. आणि हे आपल्याला कळतं तेच मुळी त्याने आईला लिहिलेल्या पत्रातून. चोर असं पत्र लिहितो का?

खर्जातला

@शंकासुर चोर नसेल, पण दाराची कडी त्याच्या हातात होती ना. १८३७ मधे आईने सुचवलं की फॅनीला छापायला प्रोत्साहन दे, तर हा म्हणतो मी ओळखतो तिला, तिला लेखकपणाची ना हौस ना ओढ, ती घर बघते आणि ते झाल्याशिवाय बाहेरच्या जगाचा विचार करत नाही. गंमत म्हणजे याच माणसाला स्वतःची प्रत्येक मोठी रचना बहिणीने तपासून दिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

१८४६ मधे तिने शेवटी स्वतःच ठरवलं, विचारायला आलेल्या प्रकाशकाला होकार दिला आणि भावाला कळवलं. त्या पत्रातली ओळ माझी फार आवडती आहे, साधारण अशी की चाळीशीत मला भावांची तशीच भीती वाटते जशी चौदाव्या वर्षी वडलांची वाटायची, खरं तर भीती नव्हे, तुम्हाला आवडणार नाही असं काही करायची धास्ती. चौदावं वर्ष म्हणजे तेच दागिन्याचं वर्ष, बघा म्हणजे.

आता माझी तक्रार, आणि ती भाषांतराबद्दल आहे. दागिना?? मूळ जर्मनमधे वडील दोन शब्द वापरतात, 'त्सिअर्दे' (शोभा) आणि 'ग्रुंडबास' (संगीतात सगळ्याला खालून आधार देणारा सूर). संगीत तुझ्यासाठी नेहमी फक्त त्सिअर्दे असू शकतं आणि असावं, तुझ्या असण्याचा-करण्याचा ग्रुंडबास कधीच नाही. तुमच्याकडे दुसऱ्याचं काय केलं होतं?

चौथी_रांग

"पाया" असं होतं. दागिना असेल, पाया नाही.

खर्जातला

वाटलंच. वाट लावली. अहो, हा बँकर बाप मुलीला संगीतात नोकरी नाही हे सांगताना संगीतातलाच शब्द वापरतोय, तिच्या भाषेत तिला नाही म्हणतोय, आणि भाषांतरात सिमेंट ओतलं. खर्ज म्हणायला काय हरकत होती? "तुझ्या आयुष्याचा खर्ज नव्हे." मराठी कानाला लगेच कळतं.

व्हायोलावाली

खर्ज ऐकायला छान पण तंबोऱ्यासारखं काहीतरी एका जागी घुमणारं डोळ्यासमोर येतं. पाश्चात्य संगीतातला बास हलतो, खालून चालत राहतो आणि वरचं सगळं त्याच्या आधाराने अर्थ घेतं. वर तोच सूर ठेवून खालचा बदला, वरचा वेगळाच भासतो. बापाला ते म्हणायचंय.

शंकासुर

मग "चाल" म्हणा :) खालून चालतो ती चाल.

विंगेतून

चाल नको, लोक टाळी वाजवतील. खर्जच. शब्द रंगमंचावर एकदाच ऐकू येतो, तिथे थांबून तळटीप देता येत नाही, अचूक शब्दापेक्षा पटकन पोचणारा बरा. आणि दागिन्याऐवजी "लेणं" करा. "संगीत तुझं लेणं असेल, खर्ज नव्हे." लेणं म्हटलं की त्यात बापाची माया येते, तो तिला काही वाईट सांगतोय असं त्याला स्वतःला वाटतच नाही, आणि तीच तर भीषण गोष्ट आहे. दागिना म्हटलं की तो उगाच दुष्ट होतो. नटाला वाचून बघायला सांगा, लेणं म्हणताना आवाज आपोआप खाली येतो.

खर्जातला

लेणं!! +१. चोरतोय हा शब्द.

जाता जाता, फेलिक्सने १८४६ च्या त्या पत्राला उत्तर द्यायला महिनाभर घेतला आणि मग जे दिलं त्याला 'हांटवेर्कसेगन' म्हटलंय, म्हणजे कारागिराने कारागिराला दिलेला आशीर्वाद. याचं काय करणार? मी आधी "गंडा बांधला" असं काहीतरी लिहून खोडलं, कारण गंडा वरून खाली बांधतात, आणि इथे निदान शब्दात तरी तो तिला बरोबरीच्या कामकऱ्यांत घेतोय. मोठ्या बहिणीला, चाळिसाव्या वर्षी, धाकटा भाऊ. "आमच्या धंद्यात ये, सुखी रहा" हा सूर आहे. "धंदा" ठेवावा असं वाटतं.

नवखा_कान

धागा भारी चाललाय. काल रात्री तिचा ट्रिओ ऐकला, डी मायनर, आणि मग आपोआप पुढे फेलिक्सचा ट्रिओ लागला तो पण डी मायनर. योगायोग?

व्हायोलावाली

फेलिक्सचा आधी, १८३९ चा. फॅनीचा १८४६-४७ च्या हिवाळ्यातला, धाकट्या बहिणीच्या, रेबेकाच्या वाढदिवसाला ११ एप्रिल १८४७ ला पहिल्यांदा वाजला. भावाचा ट्रिओ तिला पाठ असणार, त्यामुळे तोच सूर निवडणं हे मी तरी योगायोग मानत नाही. आणि बघा, तिची तिसरी मूव्हमेंट, जिथे इतर कोणी भलंमोठं काहीतरी लिहिलं असतं, तिथे तिने नाव दिलंय 'लीड', गाणं. गाणीच जमतात म्हणाली होती ना, मग घ्या गाणं, ट्रिओच्या मधोमध आणून ठेवलं. दोनतीन पानांत संपतं.

चौथी_रांग

अगं हेच! हेच तर होतं कार्यक्रमात, आणि दोन पानं एकदम उलटली ती यातच!

शेवट सांगायचा राहिला. १४ मे १८४७, फॅनीच्या घरी दर रविवारी मैफल व्हायची तिची तालीम चालू होती, भावाचीच रचना, 'वाल्पुर्गिस'ची रात्र. पियानोवर बसलेली असताना तिचे हात बधिर झाले आणि त्याच रात्री गेली, वय ४१. कार्यक्रमात हे नटाने अगदी कोरडं सांगितलं, तारीख आणि दोन वाक्यं. मग पियानो बंद झाला, झाकण लावल्याचा आवाज आला, आणि फेलिक्सचं एफ मायनर क्वार्टेट सुरू झालं, ओपस ८०, त्याच उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधे लिहिलेलं. मधे एकही पत्र नाही, अख्खं एका दमात (@व्हायोलावाली तुम्ही खूश व्हा). पहिल्याच क्षणापासून तारा थरथरतात, सुंदर वगैरे काही नाही, फेलिक्स म्हणजे गोड गोड असा माझा समज होता तो पार धुतला गेला. दुसरी मूव्हमेंट तर लाथाबुक्क्या. आणि पियानोशेजारचं स्टूल रिकामं. पंचवीस मिनिटं मी त्या स्टुलाकडे बघत होते. सहा महिन्यांत फेलिक्स पण गेला, ४ नोव्हेंबर, ३८ व्या वर्षी.

रिकाम्या स्टुलाची कल्पना ज्याची असेल त्याला सलाम.

व्हायोलावाली

दुसऱ्या मूव्हमेंटमधे मधल्या भागात व्हायोला आणि चेलो खाली एकच आकृती परत परत घुमवत बसतात, वर व्हायोलिन काहीतरी विचित्र वाल्ट्झसारखं. ते वाजवताना आपण कशाला वाजवतोय असं होतं, इतकं भकास आहे. ग्रुंडबास म्हणजे काय ते तिथे ऐका.

स्टुलाचं मात्र... सांगू का, क्वार्टेटला पानं उलटायला कोणी लागतच नाही. चौघं आपापली ओळ समोर ठेवतात, उलटायला विश्रांतीची जागा असते. त्यामुळे तिला तिथे बसायचं कारणच नव्हतं. कल्पना असेल, किंवा बाई विंगेत पाणी पीत असेल.

शंकासुर

=)) आणि मी कबूल करतो की मी परत जाऊन वाचलं, आणि 'ईस्टर सोनाटा'चं प्रकरण मला माहीत नव्हतं. १८२८ चा पियानो सोनाटा, हस्तलिखित १९७० मधे पॅरिसला सापडलं, फेलिक्सचं म्हणून गाजलं. मग २०१० मधे एका अमेरिकन संशोधक बाईंनी मूळ वही बघून दाखवून दिलं की हे फॅनीचं, आणि तिच्या नावाने पहिल्यांदा जाहीर वाजलं ते थेट २०१२ मधे. यात फेलिक्सचा काही हात नाही हे नोंदवून ठेवतो, तो मरून सव्वाशे वर्षं झाली होती. हे आपल्यातल्याच लोकांनी केलं. एफ मेंडेल्सोन दिसलं की भाऊच.

विंगेतून

यावर टाळी. खलनायक शोधायचाच तर तो असा सगळीकडे थोडा थोडा असतो, म्हणून त्याला स्टेजवर आणता येत नाही, भावाला आणणं सोपं जातं.

चौथी_रांग

धागा वर काढतेय. काल दुसरा प्रयोग होता, परत गेले, यावेळी मुद्दाम दुसऱ्या बाजूला बसले.

दागिना तसाच आहे, पाया पण तसाच. मी निघताना दिग्दर्शकांना गाठून "लेणं" सांगितलं, त्यांनी फोनमधे लिहून घेतलं, बघू. नवऱ्याच्या एका सुराचा किस्सा त्यांना माहीत होता, वेळेत बसत नाही म्हणून काढला म्हणे. पत्राच्या जागा त्याच. फेलिक्स यावेळी माझ्या पुढच्याच रांगेत निघाला, त्याच्या हातातला कागद दिसत होता, मोठ्या टायपात, मधे मधे श्वासाच्या रेघा मारलेला. उभा राहायच्या आधी त्याने दोनदा घसा दाबून खाकरून घेतलं, चेलो वाजत असताना.

ट्रिओची पानं आता एक एक करून वरच्या कोपऱ्यात कान दुमडून ठेवलीयेत, लांबून सुद्धा दिसतात. चूक झाली नाही.

आणि स्टुलाचं विचारलं. कोणाचीच कल्पना नव्हती. पहिल्या प्रयोगाला उचलायचं राहून गेलं होतं. काल मध्यंतरातच उचललं, सेकंड व्हायोलिनच्या कोपराला लागत होतं म्हणून. शेवटच्या क्वार्टेटला मी सवयीने तिकडे बघितलं तर नुसती फरशी.